घर सोडले त्या वर्षापासून

मोडी कागद वाचायला लागलेल्या माणसाला पहिला अडसर होतो तो तारखेचा. अक्षर एकवेळ लागते, पण ‘खमस सबैन अलफ’ म्हणजे काय, ते काही केल्या लागत नाही. हे अरबी अंक आहेत : पाच, सत्तर, हजार. म्हणजे सुहूर सन १०७५. त्यात ५९९ मिळवा, इसवी सन १६७४ येते. रायगडावर शिवाजीमहाराजांचा राज्याभिषेक झाला ते हे साल. मृग नक्षत्राला सुरू होणारे म्हणून याला मृगसालही म्हणत, आणि मराठी दफ्तरात ते कित्येक पिढ्या सुखेनैव नांदले.

तीसेक वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावातील एका शाळेत मी इतिहास शिकवीत होतो. नववीच्या वर्गाला ही गंमत फळ्यावर सोडवून दाखवली. या सनाचे मूळ मुसलमानांच्या हिजरी सनात आहे, एवढे सांगतो न सांगतो तोच एका मुलाने विचारले, “सर, तो धर्म तलवारीच्या जोरावरच पसरला ना?” चाळीस माना एकदम तिसऱ्या बाकाकडे वळल्या. तिथे वर्गातला एकुलता एक मुसलमान मुलगा बसला होता. तो खाली मान घालून वहीत काहीतरी गिरवू लागला. मी घड्याळाकडे पाहिले आणि म्हणालो, “हे आपल्या अभ्यासक्रमात नाही.” घंटा झाली. उत्तर राहून गेले. ते आज देतो आहे.

सन कुठून मोजावा, याला प्रत्येक समाजाचे आपले उत्तर असते. ख्रिस्ती सन येशूच्या जन्माशी जोडलेला आहे. महाराजांचा शक राज्याभिषेकापासून चालू झाला. पैगंबरांनंतरचे दुसरे खलिफा उमर यांच्या काळात, इ. स. ६३८ च्या सुमारास, कारभारासाठी सन ठरवायची वेळ आली. पैगंबरांचा जन्म होता, पहिला साक्षात्कार होता, मक्केवरचा विजय होता. हे सारे बाजूला ठेवून निवडले गेले ते इ. स. ६२२ : महंमद पैगंबरांना आपले गाव सोडावे लागले ते वर्ष. हिजरत म्हणजे घरदार सोडून जाणे.

हे घर सोडणे कसे ओढवले, ते पाहण्यासारखे आहे. मक्का हे व्यापाराचे आणि यात्रेचे गाव. काबाच्या आवारात टोळ्याटोळ्यांची दैवते होती. त्या यात्रेवर कुरेश घराण्यांची प्रतिष्ठा आणि मिळकत दोन्ही उभी होती. महंमद त्याच कुरेशांपैकी, इ. स. ५७० च्या सुमारास जन्मलेले. वडील जन्मापूर्वीच गेले, आई बालपणी गेली. आजोबांनी आणि मग चुलत्यांनी सांभाळले. पुढे खदिजा या व्यापार करणाऱ्या विधवेशी विवाह झाला. चाळिशीच्या सुमारास हिरा गुहेत त्यांना साक्षात्कार झाला, आणि त्यावर पहिला विश्वास ठेवला तो खदिजाबाईंनी. देव एकच आहे, अनाथाचा वाटा खाऊ नका, मुली जिवंत पुरू नका, ही शिकवण गावच्या प्रतिष्ठितांना परवडणारी नव्हती. ज्यांच्या पाठीशी कुणी नव्हते त्यांचे हाल सुरू झाले. बिलाल हा हबशी गुलाम त्यांतलाच. अबू बक्र यांनी त्याला विकत घेऊन मुक्त केले.

इ. स. ६१५ च्या सुमारास अनुयायांची एक तुकडी तांबडा समुद्र ओलांडून अबिसीनियात, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या बाजूला गेली. तिथला राजा ख्रिस्ती. या लोकांना परत द्या, असे सांगायला कुरेशांचे वकील मागोमाग पोचले. परंपरा सांगते की, निर्वासितांनी येशूची माता मरियम हिच्याविषयीचा कुराणातला भाग राजाला ऐकवला आणि राजाने त्यांना परत देण्यास साफ नकार दिला. इस्लामला पहिला आसरा परधर्मीयाच्या दारात मिळाला, तो असा.

पुढे मदिनेने पैगंबरांना बोलावून घेतले. तिथे मुसलमान, ज्यू आणि इतर टोळ्या यांचा एकत्र राहण्याचा करार झाला. पण तो टिकला नाही. मक्केशी लढाया झाल्या, ज्यूंच्या दोन टोळ्यांना मदिना सोडावी लागली आणि तिसरीतल्या पुरुषांना ठार करण्यात आले, असे पैगंबरांची जुनी चरित्रेच सांगतात. इ. स. ६३० मध्ये मक्का जवळजवळ रक्तपाताशिवाय हाती आली, तेव्हा बहुतेक वैऱ्यांना क्षमा मिळाली. दोन वर्षांनी पैगंबर निवर्तले.

यानंतरची गोष्ट तलवारीची आहे, हे कबूल केलेच पाहिजे. बायझंटाइन आणि इराणी ही दोन साम्राज्ये इ. स. ६०२ ते ६२८ अशी सव्वीस वर्षे एकमेकांशी लढून पार थकली होती. अरब फौजांनी सीरिया, इराक, इजिप्त, इराण एकामागून एक घेतले. इ. स. ७११ पर्यंत त्या एकीकडे स्पेनमध्ये, तर दुसरीकडे सिंधमध्ये पोचल्या.

पण पसरले ते राज्य. धर्म मागाहून, फार सावकाश गेला. अरब फौजा बसरा, कूफा, फुस्तात अशा नव्या छावण्यांत वेगळ्या राहत. जिंकलेले लोक जिझिया भरून आपापला धर्म पाळत. उलट, मुसलमान होणाऱ्याचा कर बुडतो म्हणून इराकच्या हज्जाज या सुभेदाराने नवमुसलमानांकडूनही तो वसूल केला. तो अन्याय थांबवण्याचा हुकूम पुढे दुसरे उमर या खलिफांना काढावा लागला. इजिप्त आणि इराण मुसलमानबहुल व्हायला काही शतके लागली. त्यात कराचा जाच होता, दरबारी नोकरीचा लोभ होता, व्यापाऱ्यांचा सहवास होता, साधुपुरुषांचा प्रभाव होता आणि मनापासूनची श्रद्धाही होती. इजिप्तमध्ये कॉप्टिक ख्रिस्ती आजही आहेत. इराणने धर्म घेतला, पण आपली फारसी सोडली नाही.

तेव्हा त्या मुलाच्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणे अर्धवट होते आणि ‘नाही’ म्हणणेही अर्धवटच. पण मी दोन्ही म्हटले नाही. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ वर्गाने आपल्या परीने लावला असणार, आणि तिसऱ्या बाकावरच्या मुलाने आपल्या परीने.

तो आता चाळिशी ओलांडलेला बाप्या असेल. त्याची मुले कुठल्याशा वर्गात बसत असतील. फळ्यावर १०७५ लिहिलेले होतेच. त्याखाली ६२२ लिहून, ‘हा सन लढाई जिंकल्यापासून नाही, घर सोडल्यापासून मोजतात,’ एवढे सांगायला अर्धे मिनिट पुरले असते. घंटा व्हायला चांगली पाच मिनिटे बाकी होती. मी घड्याळ पाहिले होते, म्हणून ठाऊक आहे.