मोटारीचा न दिसणारा धूर

गेल्या दिवाळींत आमच्या घरीं विजेवर चालणारी मोटार आली. "आजोबा, हिला धूर म्हणून नाहींच," असें नातवानें अभिमानानें सांगितलें. मुलाचा आनंद मोडूं नये हें खरें. पण पोरांना प्रश्न विचारण्याची खोड आयुष्यभराची! मीं विचारलें, "अरे, हिचा सांगाडा कशाचा?" मोटारींत सरासरीनें सुमारें ९०० किलो पोलाद व लोखंड असतें, आणि खनिजापासून जुन्या रीतीनें एक टन पोलाद करण्यांत दोन टनांहून अधिक कर्बवायु हवेंत जातो. म्हणजे आमच्या दारीं येण्यापूर्वींच ही मोटार पुष्कळ धूर सोडून आली होती.

असें कां व्हावें? खाणींतलें लोखंड प्राणवायूशीं जखडलेलें असतें. ती गांठ सोडविण्यास झोतभट्टींत कोक, म्हणजे भाजलेला दगडी कोळसा, घालतात. कोक उष्णता देतो, वरच्या थरांचा भार पेलतो, आणि मुख्य म्हणजे त्यांतील कर्ब प्राणवायूस हिरावून घेऊन वायुरूपानें निघून जातो. तेव्हां नुसतें सरपण बदलून भागत नाहीं. कर्बाचें हें तिसरें काम कोणी करावें, हा खरा प्रश्न.

स्वीडन देशांत त्याचें उत्तर शोधणें चालू आहे. पोलाद करणारी एसएसएबी, खाणी चालविणारी एलकेएबी व वीज पुरविणारी व्हॅटनफॉल यांनीं २०१६ सालीं 'हायब्रिट' हा उपक्रम आरंभिला. २०२० मध्यें उत्तरेकडील लुलेओ येथें प्रायोगिक कारखाना सुरू झाला. तेथें कर्बाच्या जागीं हायड्रोजन योजतात. तो प्राणवायूशीं मिळाला कीं पाण्याची वाफ होते, दुसरें कांहीं नाहीं! मागें राहतें तें न वितळलेलें, सच्छिद्र 'स्पंज लोखंड'; तें पुढें विजेच्या भट्टींत वितळवितात. २०२१ च्या ऑगस्टांत या रीतीचें पहिलें पोलाद व्होल्व्हो समूहास मिळालें, व ऑक्टोबरांत त्यापासून केलेलें, खाणींत माल वाहणारें वाहन लोकांपुढें आलें. (घरगुती मोटारी करणारी व्होल्व्हो निराळी, तिनेंही त्याच वर्षीं या पोलादासाठीं एसएसएबीशीं सहकार्य जाहीर केलें.)

'लो कार्बन स्टील' हा शब्द ऐकून संस्कृतच्या मास्तरास विग्रहाची शंका येतेच. कारखानदारांच्या जुन्या भाषेंत ज्याच्या अंगीं कर्ब थोडा तें मऊ पोलाद. मोटारीचे कित्येक पत्रे त्याचेच होतात. नव्या अर्थीं मात्र ज्याच्या घडणींत कर्बवायु थोडा सुटतो तें. गंमत अशी कीं, शुद्ध हायड्रोजननें केलेल्या लोखंडांत कर्ब नसतोच. पोलाद होण्यास तो मागाहून किंचित् घालावा लागतो.

खरी अडचण विजेची. हायड्रोजन मिळवावयाचा पाण्याचें विजेनें पृथक्करण करून. ती वीज कोळशाची असेल तर धूर एका घरून दुसऱ्या घरीं गेला इतकेंच. स्वीडनला नद्यांची वीज विपुल आहे. शिवाय वारा भरपूर असेल तेव्हां हायड्रोजन करून साठवावा, या विचारानें लुलेओ येथें २०२२ सालीं जमिनीखालीं सुमारें ३० मीटरांवर खडकांत १०० घनमीटरांची कोठीही केली. स्पंज लोखंड करण्यांत आपला देश जगांत पहिला. पण तें बहुतांशीं कोळशावरच.

नातवानें हें सर्व ऐकलें व खिन्नपणें विचारलें, "मग मोटार परत द्यायची का?"

"नको," मीं म्हटलें, "आधीं आजीला देवळांत पोंचवून ये."