बंडखोराने उभारलेली टांकसाळ

रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळातले नाणे हातात घेतले, तर मागच्या बाजूला अगदी तळाशी दोन-चार बारीक अक्षरे दिसतात. नाणे कोणत्या टांकसाळीत पाडले याची ती खूण. ‘एम-एल’, ‘पी-एल-एन’ किंवा ‘पी-एल-ओ-एन’ असेल, तर ते नाणे लंडनचे. लंडनची ही टांकसाळ चाळीसेक वर्षे चालली आणि ती सम्राटाच्या हुकमाने नव्हे, एका बंडखोराच्या गरजेतून उभी राहिली.

ब्रिटनवर रोमचा ताबा इ.स. ४३ मध्ये सुरू झाला. पुढची जवळजवळ अडीच शतके या प्रांतात कायमची सरकारी टांकसाळ नव्हती. सैन्याचा पगार समुद्रापलीकडून जहाजांनी येई. तिसऱ्या शतकात साम्राज्याची घडी विसकटली आणि नाण्यांची आवक तुटली, तेव्हा लोकांनी स्वतःच नकला पाडायला सुरुवात केली. इंग्लंडच्या शेतांत आजही नखाएवढी, अक्षरे धड न लागणारी अशी नाणी सापडतात.

अशा वेळी कॅरॉसियस पुढे आला. तो आजच्या बेल्जियमच्या किनारपट्टीवरच्या मेनापी जमातीचा. फ्रँक आणि सॅक्सन चाच्यांचा बंदोबस्त करण्यासाठी त्याला बूलोन्यच्या आरमाराचा प्रमुख नेमले होते. चाच्यांना तो लूट घेऊन परतताना मुद्दाम गाठतो आणि माल स्वतःकडे ठेवतो, असा आरोप झाला. सम्राट मॅक्झिमियनने त्याला ठार मारण्याचा हुकूम काढला. तेव्हा, २८६ च्या सुमारास, कॅरॉसियसने ब्रिटन आणि उत्तर गॉल, म्हणजे आजच्या फ्रान्सचा उत्तर भाग, ताब्यात घेऊन स्वतःलाच सम्राट जाहीर केले.

सैन्याच्या जोरावर सत्ता घेणाऱ्यासमोर पहिला प्रश्न पगाराचा असतो. सुरुवातीला नव्या चकत्या पाडण्याइतकीही सवड नव्हती. जुन्या सम्राटांची नाणी गोळा करून त्यांच्यावरच नवा ठसा उमटवला गेला. अशा कित्येक नाण्यांवर कॅरॉसियसच्या दाढीआडून आधीच्या राजाच्या मुकुटाची टोके अजून दिसतात. काम सगळे हातचे होते. एक ठसा ऐरणीत घट्ट बसवायचा, त्यावर तापवलेली चकती ठेवायची, दुसरा ठसा वरून धरायचा आणि घण घालायचा. घाईत घाव तिरका बसला की अर्धी अक्षरे बाहेर जात. पण दोन-तीन वर्षांत लंडनचे कारागीर तयार झाले. नाण्यांची गोलाई सुधारली, चेहऱ्यात जिवंतपणा आला. ‘सी’ अक्षराची खूण असलेली दुसरी एक टांकसाळही सुरू झाली. ती कोलचेस्टरची असावी असे अनेक अभ्यासक मानतात.

या नाण्यांवर काय कोरायचे, याचा कॅरॉसियसने बारकाईने विचार केलेला दिसतो. काही नाण्यांवर त्याने एकेका सैन्यदलाचे नाव आणि चिन्ह घातले. दुसऱ्या ऑगस्टा दलाचा मकर, विसाव्या दलाचा रानडुक्कर. पगार घेणाऱ्या शिपायाला आपल्याच दलाची निशाणी हातात मिळत होती. त्याहून मोठी गोष्ट चांदीची. साम्राज्यातल्या रोजच्या नाण्यात तेव्हा चांदी नावापुरती उरली होती. तांब्यावर पातळ मुलामा, इतकेच. कॅरॉसियसने मात्र नव्वद टक्क्यांहून अधिक कसाची चांदीची नाणी काढली. मॅक्झिमियनचा सहसम्राट डायोक्लीशन याने साम्राज्यात शुद्ध चांदीचे नाणे पुन्हा आणले ते त्यानंतर काही वर्षांनी.

या चांदीच्या नाण्यांच्या तळाशी ‘आर-एस-आर’ अशी अक्षरे आहेत. ती खजिन्याच्या अधिकाऱ्याची असावीत, असा समज बराच काळ होता. ब्रिटिश इतिहासकार गाय द ला बेडोयेर यांनी १९९८ मध्ये त्यांचा उलगडा केला. रोमन महाकवी व्हर्जिलच्या चौथ्या गोपगीतात सुवर्णयुग परत येत असल्याची घोषणा आहे, तिची ही आद्याक्षरे. कॅरॉसियसच्याच एका पदकावर सहा अक्षरे आहेत आणि ती त्या कवितेतल्या लगेच पुढच्या ओळीशी तंतोतंत जुळतात. रोमने ज्याला चाचा ठरवले, तो रोमच्याच सर्वांत लाडक्या कवीच्या शब्दांत प्रजेला सुवर्णयुगाचे वचन देत होता.

त्याची मुत्सद्देगिरीही नाण्यांवर उमटली. एका नाण्यावर तीन चेहरे शेजारी शेजारी आहेत, कॅरॉसियस, डायोक्लीशन आणि मॅक्झिमियन, आणि मजकूर आहे ‘कॅरॉसियस आणि त्याचे बंधू’. त्या दोघांनी हे नाते कधीच मान्य केले नाही. २९३ मध्ये बूलोन्य पडले आणि अ‍ॅलेक्टस या कॅरॉसियसच्याच अधिकाऱ्याने त्याचा खून केला. अ‍ॅलेक्टसनेही टांकसाळ चालू ठेवली. त्याच्या लहान नाण्यांवर वल्ह्यांच्या युद्धनौकेचे सुरेख चित्र आहे. ज्या आरमारावर त्याची सारी भिस्त होती, त्याचेच हे चित्र. पण २९६ मध्ये रोमचा उपसम्राट कॉन्स्टँटियस याच्या फौजा ब्रिटनमध्ये उतरल्या आणि अ‍ॅलेक्टस मारला गेला. या विजयाचे सोन्याचे पदक ट्रीअरला पाडले गेले. ते १९२२ मध्ये फ्रान्समध्ये आरासजवळ सापडले. त्यावर लंडन नगरी वेशीपाशी गुडघे टेकून विजेत्याचे स्वागत करते आहे.

विजेत्याने बंडखोराची टांकसाळ मोडली नाही. कोलचेस्टरची मानली जाणारी टांकसाळ बंद झाली. लंडनची मात्र साम्राज्याच्या अधिकृत टांकसाळींत गणली जाऊ लागली. ३०६ मध्ये यॉर्कला सैन्याने कॉन्स्टँटियसच्या मुलाला, कॉन्स्टंटाइनला, सम्राट म्हणून पुकारले आणि पुढची दोन दशके लंडनहून त्याची, त्याच्या मुलांची, शेवटी आई हेलेना आणि पत्नी फॉस्टा यांचीही नाणी निघाली. सुमारे दहा ग्रॅमचे तांब्याचे नाणे या काळात घटत घटत तीन ग्रॅमच्या आसपास आले. ३२५ च्या सुमारास टांकसाळ बंद पडली. पुढे ३८३ मध्ये ब्रिटनमध्येच बंड करून सम्राट झालेल्या मॅग्नस मॅक्सिमसच्या काळात थोडी सोन्याची नाणी इथे पडली. तेव्हा लंडनचे नाव ‘ऑगस्टा’ होते.

कॅरॉसियसबद्दल लिहिलेला मजकूर जवळजवळ सगळा त्याच्या शत्रूंच्या बाजूचा आहे. २९७ मध्ये कॉन्स्टँटियसपुढे झालेले स्तुतिभाषण तर त्याचे नावही न घेता त्याला चाचा म्हणते. त्याच्या नावाचा एकच शिलालेख सापडला आहे, १८९४ मध्ये कार्लाइलजवळ मिळालेला मैलाचा दगड. त्याची स्वतःची बाजू उरली ती नाण्यांत. २०१० मध्ये सॉमरसेटमधल्या फ्रोमजवळ एका मोठ्या मडक्यात ५२,५०३ रोमन नाणी मिळाली. त्यांत साडेसातशेहून अधिक कॅरॉसियसची आहेत. ज्याला ती सापडली त्याने मडके स्वतः उकरून काढले नाही, पुरातत्त्वज्ञांना बोलावले. म्हणूनच कोणती नाणी कोणत्या थरात होती याची नोंद होऊ शकली.

जुने नाणे हाती लागले, तर घासूनपुसून चकचकीत करू नका आणि सोन्याचांदीच्या भावाने मोडीतही घालू नका. ते कुठे आणि कशाबरोबर सापडले हे लिहून ठेवा आणि जाणकारांना दाखवा. एका पराभूत माणसाची बाजू सतराशे वर्षे नाण्यांनीच जपून ठेवली आहे.