गाडीचे दिवे : आपल्याला दिसण्यासाठी आणि आपण दिसण्यासाठी

मागच्या व्याख्यानात आपण ब्रेक आणि दोन गाड्यांमधलं अंतर पाहिलं. आज गाडीच्या बाहेरच्या दिव्यांविषयी बोलूया. विषय सोपा वाटतो. बटण दाबलं की दिवा लागतो, त्यात शिकायचं काय? पण दिव्यांची कामं दोन असतात. एक, आपल्याला रस्ता दिसावा. दुसरं, आपण काय करणार आहोत ते इतरांना कळावं. आपल्या बहुतेक चुका या दुसऱ्या कामात होतात.

आधी पहिलं काम. डिपरवर साधारण ५० मीटरपर्यंतचा रस्ता नीट दिसतो असं धरूया. ताशी ८० किलोमीटरला गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. समोर काही दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर ३३ मीटर तिथेच संपले. पुढे कोरड्या रस्त्यावरही थांबायला आणखी ३५ मीटर लागतात. म्हणजे एकूण ६८ मीटर, आणि दिसतात फक्त ५०. हाच हिशोब ताशी ६० ला केला तर ४५ मीटरमध्ये गाडी थांबते. रात्री डिपरवर चालवताना वेग का कमी ठेवायचा, याचं उत्तर या आकड्यांत आहे. रस्ता मोकळा असेल तेव्हा अप्पर जरूर वापरावा, तो त्यासाठीच दिलेला आहे. समोरून गाडी आली, किंवा आपण कुणाच्या मागे असलो, की लगेच डिपर. मागून आलेला अप्परचा झोत पुढच्याच्या आरशातून थेट डोळ्यांत जातो, हे आपण विसरतो.

डिपरचा झोत सगळीकडे सारखा नसतो. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून तो डाव्या कडेला थोडा वर आणि लांब जातो, उजवीकडे खाली राहतो. कडेचा माणूस दिसावा आणि समोरच्याचे डोळे दिपू नयेत, अशी ती रचना आहे. हॅलोजनसाठी बनवलेल्या हेडलाईटमध्ये बाजारातला पांढराशुभ्र एलईडी बल्ब बसवला की ही रचना बिघडते, उजेड वाटेल तिथे फाकतो. तसंच मागे माणसं आणि सामान भरलं की गाडीचं नाक वर होतं, त्याबरोबर झोतही वर जातो. बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगजवळ ० ते ३ आकड्यांची एक चकती असते. ती फिरवून झोत खाली आणायचा.

आता दुसरं काम. इंडिकेटर हा निरोप आहे आणि निरोप आधी पोचायला हवा. वळता वळता दिलेला इंडिकेटर म्हणजे लग्न लागल्यावर पाठवलेली पत्रिका! महामार्गावर लेन बदलण्याआधी निदान तीन सेकंद तो चालू हवा. ताशी ८० ला तेवढ्यात ६६ मीटर जातात. क्रम असा: आरसा, इंडिकेटर, पुन्हा आरसा आणि खांद्यावरून एक नजर, मग वळण. इंडिकेटर दिला म्हणजे जागा आपली झाली असं नाही. ती विनंती आहे, हक्क नव्हे. आणि काम झाल्यावर तो बंद झाला का, तेही पाहावं. इंडिकेटर नेहमीपेक्षा भराभर टिकटिकायला लागला, तर बहुधा त्या बाजूचा एखादा बल्ब गेलेला असतो.

चौकातून सरळ जायचं म्हणून चारही इंडिकेटर लावणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. आता डावीकडच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या स्कूटरवाल्याच्या जागी जाऊन बघा. त्याला आपल्या गाडीची डावी बाजूच दिसते. तिथला दिवा लुकलुकतोय, म्हणजे गाडी त्याच्या रस्त्याला वळतेय असं समजून तो पुढे येतो, आणि आपण सरळ जातो. सरळ जायला कुठलाच इंडिकेटर लागत नाही.

पावसात, धुक्यात आणि बोगद्यातही हीच सवय दिसते. खंडाळ्याच्या धुक्यात समोरच्याचे चारही दिवे लुकलुकत असतील, तर तो उभा आहे की चालतोय, हे मागच्याला कसं कळणार? शिवाय त्याने लेन बदलायची ठरवली तरी सांगायची सोय उरत नाही. चारही इंडिकेटर म्हणजे ‘गाडी थांबलेली आहे, जपून या’. हा अर्थ जपला, तरच खरोखर बंद पडलेली गाडी वेळेवर ओळखू येईल. धुक्यात डिपर, असतील तर फॉग लॅम्प, आणि वेग कमी. अप्पर लावला तर धुक्यावर आपटून उजेड आपल्याच डोळ्यांत येतो.

घाटात ट्रकवाला उजवा इंडिकेटर दाखवतो. कधी त्याचा अर्थ ‘या पुढे’ असतो, कधी ‘मी उजवीकडे येतोय’. दोन्हींत दिवा तोच, पण चुकीचा अर्थ लावला तर जीवावर बेततं. त्यामुळे त्याच्या भरवशावर ओव्हरटेक करू नये. पुढचा रस्ता आपल्या डोळ्यांना दिसला तरच जावं. अप्पर मारण्याचंही तसंच. आपल्याकडे त्याचा अर्थ बहुतेकदा ‘थांब, मी येतोय’ असा असतो, काही देशांत ‘तुम्ही जा’ असा घेतात.

एक नवी अडचण. पुढे दिवसा लागणारे बारीक दिवे आणि आत उजळलेला डॅशबोर्ड पाहून आपल्याला वाटतं, लाईट चालू आहेत. पुष्कळ गाड्यांत तेव्हा मागचे लाल दिवे बंदच असतात. म्हणून तिन्हीसांजेला बटण स्वतः फिरवावं. दुचाकींना १ एप्रिल २०१७ पासून हेडलाईट कायम चालू राहील अशी रचना सक्तीची झाली, तीही दिसण्यासाठीच.

एक प्रश्न नेहमी येतो: समोरचा डिपर करत नसेल तर आपणही अप्पर ठेवायचा का? नाही. त्याने दोन आंधळे ड्रायव्हर समोरासमोर येतात, आणि मधून रस्ता ओलांडणारा माणूस दोघांनाही दिसत नाही. ॲक्सिलरेटर सोडायचा, नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवायची आणि त्याला जाऊ द्यायचं.

आज घरी गेल्यावर गाडी भिंतीकडे पाठ करून लावा आणि ब्रेक दाबा. भिंतीवर दोन्हीकडे लाल उजेड पडतो का, तेवढं आरशात बघा. मग एकेक इंडिकेटर. दोन मिनिटांचं काम आहे. पुढच्या वेळी आपण टायरविषयी बोलू.