मोटारीच्या निदानव्यवस्थेतील आकडे व त्यांचा अर्थ

मोटारीच्या एंजिनाची प्रकृती ओळखण्याचे काम पूर्वी कसबी मेस्त्रीच्या कानावर सोपविलेले असे. आज वाहनातील नियंत्रक संगणक अनेक संवेदकांच्या साहाय्याने हे काम करीत असतो. धूरनियंत्रणाची साधने बिघडल्यास ते चालकास कळावे, हा या व्यवस्थेचा मूळ हेतू होय. अमेरिकेत १९९६ सालापासून नव्या मोटारींना तिचे दुसरे रूप, म्हणजे ओबीडी-२, सक्तीचे झाले. भारतात चारचाकी वाहनांस २०१० साली पहिला व २०१३ साली दुसरा टप्पा लागू झाला. चालकाच्या बाजूस, सुकाणूचाकाखाली असलेल्या सोळा टाचण्यांच्या जोडणीतून ही माहिती बाहेर काढता येते. आणि हौशी प्रयोगकर्त्यांना आकर्षण वाटते ते याच जोडणीचे.

प्रयोगाचा खर्च बेताचाच असतो. ईएलएम ३२७ या संकलित मंडलावर किंवा त्याच्या नकलांवर आधारलेला जोडक बाजारात सहज मिळतो. अथवा आर्डुइनो व कॅन-नियंत्रक यांच्या साहाय्याने तो घरीही तयार करता येतो. जोडणीच्या सहाव्या व चौदाव्या टाचण्यांवर कॅन वाहिनीच्या दोन तारा असतात, सोळाव्या टाचणीवर बॅटरीचा दाब असतो. वाहिनीच्या दोन्ही टोकांस १२० ओहमचे रोध मुळातच बसविलेले असतात. म्हणून तयार फलकावरील तितकाच रोध वेगळा करणे आवश्यक ठरते.

संभाषण प्रश्नोत्तराच्या पद्धतीने चालते. एंजिनाचे फेरे विचारले असता दोन बाइट परत येतात. ते २६ व २४८ असे आले, तर पहिल्यास २५६ ने गुणून दुसरा मिळवावयाचा व बेरजेस ४ ने भागावयाचे. उत्तर मिनिटास १७२६ फेरे. शीतकाचे तापमान एकाच बाइटमध्ये येते व त्यातून ४० वजा करावे लागतात. वेगही एकाच बाइटमध्ये येतो. त्यामुळे तो पूर्ण किलोमीटरांतच कळतो, अपूर्णांकात नाही.

येथवर सारे सरळ आहे. अडचण येते ती हौशी मंडळींना सर्वांत प्रिय असलेल्या आकड्याच्या, म्हणजे इंधनखर्चाच्या, बाबतीत. दर तासास खर्च होणारे इंधन सांगणारा संकेत प्रमाणकात आहे. परंतु तो प्रत्येक वाहन पुरवितेच असे नाही. अशा वेळी एंजिनात शिरणाऱ्या हवेच्या वस्तुमानावरून इंधनाचा अंदाज बांधला जातो. पेट्रोल एंजिनात एक ग्रॅम इंधनाच्या पूर्ण ज्वलनास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते, व नियंत्रक बहुतेक वेळ हे प्रमाण कायम राखतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जतहून मिरजगावमार्गे अहिल्यानगरकडे ताशी ६० किलोमीटर वेगाने निघालेल्या पेट्रोल मोटारीचे उदाहरण घ्यावे. हवेचा प्रवाह सेकंदास १० ग्रॅम असल्यास इंधन ०.६८ ग्रॅम, म्हणजे तासास सुमारे २४५० ग्रॅम लागते. पेट्रोलची घनता लिटरास ७४५ ग्रॅम धरल्यास हा खर्च ३.३ लिटर, म्हणजे लिटरास सुमारे १८ किलोमीटर होतो. उत्तर विश्वसनीय वाटते व पुष्कळदा ते तसे असतेही.

आता त्याच रस्त्यावर त्याच वेगाने जाणारी डिझेल जीप कल्पावी. डिझेल एंजिनात शक्तीचे नियमन मुख्यतः इंधनाच्या मात्रेने होते व हवा नेहमी गरजेपेक्षा अधिक असते. प्रवाह २० ग्रॅम व हवा-इंधन प्रमाण ३० असेल, तर खरा खर्च तासास सुमारे २.९ लिटर, म्हणजे लिटरास जवळजवळ २१ किलोमीटर येतो. पेट्रोलचे सूत्र मात्र ९ किलोमीटर दाखवील. संवेदक अचूक आहे, संदेश शुद्ध आहे, गणितही बरोबर आहे. चूक आहे ती गृहीतकात. अशा आकड्यावर विसंबून एखादा जीपचालक निरोगी एंजिन उघडून बसला, तर त्याचा खर्च त्यालाच सोसावा लागेल. पेट्रोल मोटारीतही उतारावर पाय काढताच इंधन तोडले जाते, हवा मात्र वाहत राहते. तेवढ्या काळाची नोंद वगळली पाहिजे.

यावर उपाय जुनाच आहे. कर्जत येथे टाकी काठोकाठ भरून अहिल्यानगरला जाऊन यावे व त्याच पंपावर ती पुन्हा भरावी. जाऊन-येऊन सुमारे १५० किलोमीटरांस वरील पेट्रोल मोटारीला ८ लिटरांच्या आसपास इंधन लागेल. भरण्यात अर्ध्या लिटराचा फरक पडला तरी सहा टक्क्यांची चूक होते. म्हणून निष्कर्ष एका फेरीवरून न काढता अनेक फेऱ्यांच्या बेरजेवरून काढावा. डिझेल वाहनात मात्र केवळ एक सुधारगुणक लावून भागत नाही, कारण हवा-इंधन प्रमाण भाराबरोबर बदलत राहते.

एक पथ्यही पाळावयास हवे. चालू वाहनाची माहिती केवळ वाचावी. दोषसंकेत पुसण्याची आज्ञा दिल्यास दोषाच्या क्षणी नोंदविलेली परिस्थितीही पुसली जाते आणि मेस्त्रीच्या हाती पुरावा राहत नाही. जोडक सोळाव्या टाचणीतून सतत वीज घेतो. गाडी अनेक दिवस उभी राहणार असल्यास तो काढून ठेवावा.

पदव्युत्तर विद्यार्थ्याने या साधनाने मिळविलेल्या प्रत्येक आकड्यापुढे तो थेट मोजलेला आहे, नियंत्रकाने अनुमानिलेला आहे की आपण सूत्राने काढलेला आहे, हे नोंदवहीत लिहून ठेवावे. वरील जीपच्या उदाहरणातील दोष एवढ्या एका नोंदीनेही उघडकीस आला असता.