सांदवाडीतली भूमध्य बाग

कमी पाण्याची बाग म्हटली की मासिकांतून दिसते ती भूमध्य समुद्राकाठची बाग: खडी अंथरलेल्या वाटा, राखट पानांची लॅव्हेंडर, रोझमेरी, एखादे ऑलिव्ह. गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेड्याच्या उन्हात ही झाडे कशीबशी तगली, तरी जुलै-ऑगस्टच्या झडीत त्यांची मुळे सडतात.

दोष झाडांचा नाही, हंगामाचा आहे. अथेन्सला वर्षाकाठी सुमारे 400 मिलिमीटर पाऊस पडतो, तोही मुख्यतः हिवाळ्यात. गडचिरोली जिल्ह्यात 1,200 मिलिमीटरहून अधिक पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये आटोपतो. पुढे कोरडे महिने, आणि मे महिन्यात पारा 45 अंशांवर. तिकडची झाडे हिवाळ्यात ओल आणि उन्हाळ्यात विश्रांती मागतात. भर उकाड्यात मुळाशी चिखल त्यांना सोसत नाही.

तरीही त्या मुलखातून आलेली पिके इथल्या झाडीपट्टीत पिढ्यान्‌पिढ्या सुखाने नांदत आहेत. लाखोळी घ्या, जवस घ्या. धान कापणीला येण्याच्या सुमारास ओल्या बांधीत, उभ्या धानातच लाखोळीचे बी फेकतात. नांगरट नाही, ओलीत नाही. धान निघाले की मागे उरलेल्या ओलीवर रोपे वर येतात. कोवळे शेंडे खुडून भाजी होते, नंतर दाणा मिळतो. ही उतेऱ्याची रीत म्हणजे भूमध्य हिवाळ्याची नेमकी ओळख आहे! घरामागच्या सांदवाडीतही तेच करावे. पाऊस ओसरला की धणे, मेथी, बडीशेप टाकावी. थोडक्या पाण्यात ती येतात.

उन्हाळ्यासाठी मात्र जंगलाकडे पाहावे. भूमध्य प्रदेशातली झुडपे जाड, बारीक पाने राखून पाणी वाचवतात. इथला पळस, बहावा पानेच गाळून टाकतो आणि ऐन रखरखाटात फुलतो. घराजवळ सीताफळ, आवळा, बेल, मुनगा, गोडनिंब लावावेत. पहिले दोन उन्हाळे न्हाणीचे पाणी आळ्यात वळवले की त्यांचे भागते. फक्त साबण-सोड्याचे पाणी रोज एकाच झाडाला देऊ नये. कण्हेर तर खरीच भूमध्य प्रदेशातलीही आहे आणि पाण्यावाचून फुलते, पण तिचा प्रत्येक भाग विषारी. लहान मुले किंवा शेळ्या असलेल्या घरी ती नकोच. घाणेरीही नको, जंगलात तिने आधीच पुष्कळ जागा बळकावली आहे.

इंग्लंडमध्ये एसेक्सच्या बेथ चॅटो यांनी 1991-92 च्या हिवाळ्यात जुन्या वाहनतळावर खडीची बाग उभारली आणि तिला पाणी न घालण्याचा नेम ठेवला. त्यांचे सूत्र घ्यावे: जागा जशी, झाड तसे. त्यांची खडी मात्र घेऊ नये. मे महिन्यात ती तापून अंगणच भाजते. तिच्याऐवजी तणस अंथरावी. जनावरांना लागत असेल तर सागाची, येनाची गळलेली पाने चालतात. थर चार बोटे जाड असावा आणि बुंध्यापासून वीतभर दूर, नाहीतर उधई लागते. अंगण झाडून पाने जाळण्याची सवय मोडली, तर हे आच्छादन फुकटच मिळते.

कुंपणाला निरगुडी आणि अडुळसा लावावा. दोन्हींना शेळी सहसा तोंड लावत नाही, आणि खोकल्यासाठी, सांधे शेकण्यासाठी पाला हाताशी राहतो. निरगुडीच्या बोटभर जाडीच्या फांद्या मृगाच्या सरींनंतर हातभर अंतरावर रोवल्या की पावसाळ्यातच मूळ धरतात.