फाल्गुनातला ट्रेक आणि उन्हाला नवखे शरीर

फेब्रुवारी सरत आला की सह्याद्रीतल्या भटकंतीचे बेत नव्याने आखले जातात. पावसाळ्यातला चिखल आणि शेवाळ नाही, थंडीही ओसरलेली, आकाश स्वच्छ, पळस आणि पांगारा फुललेले. पहाटे पायथ्याच्या गावात पोहोचल्यावर अंगात स्वेटर लागतो आणि ‘अजून कुठे उन्हाळा सुरू झाला’ असे वाटते. त्याच गावात दुपारी एक वाजता पारा 36-37 अंशांवर गेलेला असू शकतो. सकाळ हिवाळ्याची आणि दुपार उन्हाळ्याची, असे हे दिवस. ट्रेकचा बेत मात्र बहुतेक वेळा सकाळ डोळ्यांसमोर ठेवून आखला जातो.

मार्चमधले 37 अंश आणि मे महिन्यातले 37 अंश थर्मामीटरला सारखेच. शरीराला मात्र मार्चमधले अधिक जड जातात, कारण उष्णता सोसण्याची तयारी शरीराला दरवर्षी नव्याने करावी लागते. रोज तास-दीड तास उन्हात किंवा उकाड्यात हालचाल झाली, तर सुमारे 10 ते 14 दिवसांत शरीरात बदल घडतात. रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटू लागतो आणि जास्त येतो, घामातून जाणारे मीठ कमी होते आणि तेवढ्याच श्रमाला नाडीचे ठोके कमी पडतात. ही कमाई टिकाऊ नसते. उन्हाशी संबंध तुटला की काही आठवड्यांत ती ओसरते. डिसेंबर-जानेवारी थंडीत आणि एरवीचा दिवस वातानुकूलित कार्यालयात काढलेले शरीर मार्चमध्ये उन्हाला नवखे असते. नियमित व्यायाम करणाऱ्यांना याचा काही फायदा मिळतो, पण सकाळी सहाला धावणाऱ्याचे शरीर दुपारच्या उन्हासाठी पूर्ण तयार झालेले नसते.

चढणीवर स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिचा जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा प्रत्यक्ष चढण्याच्या कामी येतो. बाकीची उष्णता होते. ती बाहेर पडलीच नाही तर जोरदार चढणीवर शरीराचे तापमान दर आठ-दहा मिनिटांना एक अंशाने वाढेल, असा ढोबळ हिशेब आहे. ते वाढू न देण्याचे मुख्य काम घाम करतो. पण घाम नुसता येऊन उपयोग नाही, तो वाळावा लागतो. देशावरच्या कोरड्या हवेत घाम येता येता वाळतो, त्यामुळे किती पाणी गेले याचा पत्ता लागत नाही. कोकणाच्या बाजूच्या दमट हवेत तो अंगावरून नुसता निथळतो आणि शरीर थंड होत नाही. समुद्राकडचे वारे उशिरा सुटले आणि पूर्वेचे गरम वारे वाहत राहिले की कोकणपट्टीत मार्चमध्येही पारा एकदम चढतो. मुंबईत 28 मार्च 1956 रोजी 41.7 अंशांची नोंद झाली होती.

सह्याद्रीत आणखी एक फसवी गोष्ट आहे. हवेचे तापमान दर हजार मीटर उंचीमागे साधारण सहा-साडेसहा अंशांनी उतरते. हरिश्चंद्रगडाची उंची 1424 मीटर. तिथे दुपारी वाऱ्यावर बसलेल्याला ऊन सोसण्याजोगे वाटते. परतीला मात्र पाय थकलेले, बाटल्या रिकाम्या, कातळ तापलेला आणि प्रत्येक पावलागणिक हवा अधिक गरम. ‘आता काय, उतरायचेच तर आहे’ म्हणून सैल पडलेला हा टप्पाच उन्हाळी ट्रेकमध्ये सर्वांत जोखमीचा असतो.

म्हणून या दिवसांतल्या ट्रेकची तयारी सॅक भरण्याच्या दोन आठवडे आधी सुरू व्हायला हवी. पहिले तीन-चार दिवस संध्याकाळी पाच वाजता अर्धा तास भरभर चालावे. मग हळूहळू वेळ वाढवत आणि चालणे थोडे अलीकडे आणत चारच्या उन्हात तासभर चालण्यापर्यंत यावे. घाम यायला हवा, चक्कर नव्हे. ज्यांना हे जमणार नाही, त्यांनी मोठ्या गडाऐवजी दोन-तीन तासांची वाट निवडावी.

दुसरी गोष्ट झोपेची. शुक्रवारी कार्यालयातून सुटून रात्रीची गाडी पकडायची, गाडीत गाणी-गप्पा, पायथ्याशी दोन तास डुलकी आणि उजाडताच चढाई, हा अनेकांचा ठरलेला क्रम असतो. जागरणानंतर शरीर उष्णता नीट हाताळू शकत नाही आणि ‘थांबावे की पुढे जावे’ हा निर्णयही चुकतो. रात्री मद्यपान झाले असेल तर दुसऱ्या दिवशीची सुरुवातच पाण्याच्या तुटीने होते. एक दिवस आधी पोहोचून गावात मुक्काम करणे, हा साधा उपाय आहे.

तिसरी गोष्ट वाटेची. पश्चिमेला तोंड असलेल्या, कोकणातून वर येणाऱ्या वाटांवर सकाळी डोंगराची सावली असते, तर दुपारी तिथेच ऊन थेट अंगावर येते. पूर्वेकडच्या वाटांचे याउलट. नकाशा पाहताना कोणत्या वेळी कोणत्या उतारावर असणार, हे मांडून घ्यावे. जंगलातली वाट लांबची असली तरी उघड्या सोंडेपेक्षा बरी. उजाडण्यापूर्वी निघावे आणि अकरा वाजता जिथे असू तिथून सावलीकडे वळायचे, माथा गाठलेला असो वा नसो, हे निघण्यापूर्वीच सर्वांना सांगून ठेवावे. पावसाळ्यानंतर भरलेली गडावरची टाकी मार्चमध्ये आटलेली असू शकतात. आदल्या दिवशी गावातल्या वाटाड्याला फोन करून पाण्याची खात्री करावी.

चढणीवर तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज जातो. सहा तासांच्या चालीसाठी प्रत्येकाकडे चार ते पाच लिटर पाणी हवे, म्हणजे पाठीवर चार-पाच किलो वजन. ते पेलत नसेल तर वाट लहान करावी, पाणी कमी करू नये. नुसते साधे पाणी भराभर पीत राहणेही बरोबर नाही. त्याने रक्तातील सोडियम उतरते. डोकेदुखी, मळमळ, गोंधळ आणि क्वचित झटकेही येतात. तहानेप्रमाणे घोट घोट पाणी प्यावे, सोबत मीठ-साखरेचे लिंबू सरबत, चिक्की, खारे शेंगदाणे असे काही घेत राहावे. जलसंजीवनीची पाकिटे सॅकमध्ये असावीतच. नसतील तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा.

गेल्या आठवड्यात ताप किंवा जुलाब झालेल्यांनी हा ट्रेक सोडावा. लघवीचे प्रमाण वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या, नाडी मंद करणारी बीटा-ब्लॉकर औषधे, सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या आणि काही मानसोपचारातली औषधे उष्णता सोसण्याची क्षमता कमी करतात. त्या मनाने बंद करू नयेत. बेत ठरवण्याआधी डॉक्टरांशी बोलावे. मधुमेही आणि हृदयविकार असलेल्यांनीही तेच करावे.

पायात गोळे येणे, डोके दुखणे, मळमळ, अंधारी येणे ही पहिली सूचना. अशा माणसाला सावलीत आडवे करून पाय थोडे वर ठेवावेत, सरबत द्यावे आणि त्या दिवशीचा ट्रेक तिथेच संपवावा. मात्र तो असंबद्ध बोलू लागला, उगीच चिडला, झोकांड्या देऊ लागला किंवा कोसळला, तर तो उष्माघात समजावा. उष्माघातात त्वचा कोरडी पडते, असे अनेकांनी वाचलेले असते. पण श्रमाने होणाऱ्या उष्माघातात अंग घामाने भिजलेलेही असू शकते. त्यामुळे घाम आहे म्हणून निर्धास्त राहू नये.

यात पहिला अर्धा तास मोलाचा. 108 क्रमांकावर फोन लावायला एकाने रेंजच्या जागी जावे, बाकीच्यांनी त्याच क्षणी रुग्णाला थंड करायला लागावे. बूट आणि जादा कपडे काढावेत, असेल नसेल ते पाणी डोक्यापासून पायापर्यंत ओतावे, टोपी, चादर, जे हाती येईल त्याने जोरजोरात वारा घालावा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नये, कुशीवर वळवून ठेवावे. तापाची गोळी इथे काम करत नाही, ती देऊ नये. न थंड करता तसाच खाली उतरवण्यात तासभर गेला, तर तोवर मेंदू, यकृत आणि मूत्रपिंडांना इजा होऊन गेलेली असते. आधी थंड करायचे, मग हलवायचे, हा क्रम गटातल्या प्रत्येकाला निघण्याआधीच माहीत असावा, कारण ज्याला सर्वांत जास्त माहिती आहे, तोच आजारी पडू शकतो.