दहिसरमध्ये पाणी कधी तुंबतं? पाऊस, भरती आणि गाळ यांचं गणित मोबाईलवर असं वाचा

पावसाळा आला की फोनवर यलो, ऑरेंज, रेड अलर्टचे मेसेज सुरू होतात. पण तुम्ही एक गोष्ट नक्की पाहिली असेल. कधी ऑरेंज अलर्ट असूनही रस्ता मोकळा असतो, तर कधी साधा यलो अलर्ट असताना सोसायटीच्या गेटपाशी गुडघाभर पाणी साचतं. मग अलर्ट खोटा असतो का? नाही. अलर्ट फक्त पावसाबद्दल सांगतो. पाणी तुंबणार की नाही हे तीन गोष्टींवर ठरतं: पाऊस किती वेगाने पडतोय, समुद्राला भरती आहे का, आणि नाला आतून किती मोकळा आहे. यातल्या पहिल्या दोन गोष्टी मोबाईलवर दिसतात. तिसरी सहसा दिसत नाही आणि खरी गडबड तिथेच होते. चला तर मग, दहिसरचं उदाहरण घेऊन हे समजून घेऊया.

आधी नकाशा उघडा: दहिसर नदी जाते कुठून?

मुंबईत चार नद्या आहेत: मिठी, ओशिवरा, पोयसर आणि दहिसर. दहिसर नदी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, तुळशी तलावाच्या परिसरात उगम पावते. तिथून ती बोरिवलीच्या श्रीकृष्ण नगर, दौलत नगर या भागांतून दहिसर गावठाण, कांदरपाड्याकडे येते आणि शेवटी मनोरीच्या खाडीला मिळते. लांबी साधारण १२ किलोमीटर.

आता मॅपमध्ये सॅटेलाइट व्ह्यू लावून बघा. वरच्या टोकाला हिरवं जंगल, मध्ये दाट वस्ती, खाली खाडी आणि तिवरं. म्हणजे वरून डोंगराचं पाणी जोरात येतं, मध्ये शहराच्या गटारांचं पाणी त्यात मिसळतं आणि खाली समुद्र दार उघडं ठेवतो किंवा बंद करतो. उद्यानात नदीला चांगला उतार आहे, वस्तीत आल्यावर तो कमी होतो. उतार कमी झाला की पाण्याचा वेग कमी होतो आणि पाण्याबरोबर आलेली माती, रेती खाली बसते. म्हणून गाळ नेमका वस्तीतच साचतो. यात कोणाची चूक नाही, ते पाण्याचं शास्त्रच आहे. पण त्यात तबेल्यांचं शेण, बांधकामाचं डेब्रिज, थर्माकोल आणि प्लास्टिक यांची भर पडते, ती मात्र आपली.

पहिला आकडा: पाऊस किती नाही, किती वेळात?

एक सोपं सूत्र लक्षात ठेवा. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी जमतं. आता तुमच्या सोसायटीचा प्लॉट १००० चौरस मीटर धरा. तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला तर एका तासात ५०,००० लिटर पाणी, म्हणजे १०,००० लिटरचे पाच टँकर. हे फक्त एका सोसायटीचं! जमीन मातीची असेल तर त्यातलं बरंच मुरतं. सगळीकडे काँक्रीट आणि सिमेंटने बुजवलेले पेव्हर ब्लॉक असतील तर जवळजवळ सगळं गटारात धावतं.

आणि ही गटारं किती पाणी वाहून नेऊ शकतात? मुंबईची जुनी पर्जन्य जलवाहिनी व्यवस्था तासाला साधारण २५ मिलिमीटर पाऊस गृहीत धरून बांधलेली होती. ती क्षमता ५० मिलिमीटरपर्यंत नेण्यासाठी ‘ब्रिमस्टोवॅड’ नावाचा आराखडा १९९३ मध्ये तयार झाला. पण त्याच्या कामाला खरा जोर आला तो २६ जुलै २००५ नंतर. त्या वेळी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. गंमत म्हणजे कुलाब्याला त्याच काळात ७५ मिलिमीटरसुद्धा पडला नाही. एकाच शहरात एवढा फरक!

म्हणून ‘मुंबईत आज किती पाऊस?’ हा प्रश्न दहिसरकरांच्या फारसा कामाचा नाही. आपल्या जवळच्या स्वयंचलित पर्जन्यमापकावर गेल्या एका तासात किती पडला, ते बघा. महापालिकेची अशी यंत्रं शहरभर बसवलेली आहेत आणि त्यांचे आकडे आपत्ती व्यवस्थापनाच्या ॲपवर आणि वेबसाइटवर मिळतात. हवामान खात्याच्या हिशोबात २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे ‘जोरदार’, ११५.६ च्या पुढे ‘अति जोरदार’ आणि २०४.४ च्या पुढे ‘अत्यंत जोरदार’ पाऊस. पण १०० मिलिमीटर पाऊस दिवसभर रिपरिप पडला तर गटारं तो आरामात नेतात. तोच दोन तासांत पडला तर गटारं काठोकाठ भरतात.

दुसरा आकडा: भरती

गटारं काही पाणी ओढून घेत नाहीत. पाणी उतारावरून आपोआप खाली जातं, बस्स. खाली समुद्राची पातळी वर आली की ते जाणार कुठे? मुंबईतून समुद्रात पाणी सोडणारी १८६ मुखं आहेत. त्यातली ४५ समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली आहेत. १३५ सरासरी पातळीच्या वर, पण भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. भरतीतही मोकळी राहतात अशी फक्त ६.

म्हणूनच ब्रिमस्टोवॅडमध्ये पंपिंग स्टेशनं आली. भरतीच्या वेळी समुद्राकडचं दार बंद करायचं, नाहीतर समुद्रच आत येतो, आणि आतलं पाणी पंपाने उचलून बाहेर टाकायचं. हाजी अली, इर्ला, वरळीचं लव्हग्रोव्ह ही त्यातली ओळखीची नावं.

मुंबईत दिवसाला साधारण दोन भरत्या येतात आणि रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. भरती ४.५ मीटरच्या वर जाणाऱ्या दिवसांची यादी महापालिका दर वर्षी पावसाळ्याआधीच जाहीर करते. ती यादी मे महिन्यातच फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे.

तिसरा आकडा: गाळ, जो स्क्रीनवर दिसत नाही

समजा, एक नाला २ मीटर रुंद आणि २ मीटर खोल आहे. तळाला अर्धा मीटर गाळ बसला. खोली चौथाईने कमी झाली, पण पाणी वाहून नेण्याची ताकद त्याहून जास्त, सुमारे ३० टक्क्यांनी घटते. कारण उथळ नाल्यात पाण्याला तळाचं आणि भिंतींचं घर्षण तुलनेने जास्त लागतं. म्हणजे कागदावर तासाला ५० मिलिमीटर झेलणारा नाला प्रत्यक्षात ३५ वरच हात टेकतो. गाळ ओबडधोबड असेल, त्यात गाद्या आणि गोण्या अडकल्या असतील तर आणखी कमी.

इथे सेन्सरचीही एक मर्यादा समजून घ्या. पुलाखाली लावलेला अल्ट्रासोनिक सेन्सर खाली ध्वनिलहर सोडतो आणि ती परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. ०.०२ सेकंद लागले तर पाणी साधारण ३.४ मीटर खाली आहे, असं उत्तर निघतं. पण सेन्सरला फक्त पाण्याचा पृष्ठभाग कळतो. त्याखाली दोन मीटर पाणी आहे की एक मीटर पाणी आणि एक मीटर गाळ, हे त्याला कळत नाही. ते कळायला कोणीतरी मे महिन्यात जाऊन तळ बघावा लागतो.

नालेसफाई नेमकी होते कशी?

मोठ्या नाल्यात आणि नदीत पोकलेन उतरतो, गाळ काठावर काढतो, थोडा सुकू देतो आणि मग तो डंपरमध्ये भरला जातो. डंपर वजनकाट्यावर मोजला जातो आणि शहराबाहेरच्या ठरलेल्या जागी रिकामा होतो. लहान गटारांत माणसं आणि सक्शन मशीन काम करतात. बहुतेक गाळ ३१ मेपर्यंत काढायचा असतो, थोडा पावसाळ्यात आणि थोडा नंतर.

पैसे गाळाच्या वजनावर मिळतात, म्हणून खोटं वजन दाखवण्याचा मोहही होतो. मिठी नदीच्या गाळाच्या कामात खोटी बिलं काढल्याच्या आरोपावरून मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने २०२५ मध्ये गुन्हाही नोंदवला. त्याच वर्षी महापालिकेने नालेसफाईचे फोटो आणि व्हिडिओ सक्तीचे केले आणि ते तपासायला एआयची मदत घेतली. तोच फोटो दोनदा वापरलाय का, ठिकाण आणि वेळ जुळते का, अशा गोष्टी हजारो फोटोंमधून शोधायला माणसाला आठवडे लागतील. कॉम्प्युटर ते पटकन करतो.

पण एआय फक्त दाखवलेला व्हिडिओ तपासतो. जिथे कॅमेरा गेलाच नाही, तिथे एआय काय करणार? तिथे तुमचा फोन कामाला येतो.

तुमच्या फोनने काय करता येईल?

१. एकच जागा ठरवा. घराजवळचा पूल, नाल्याचं वळण किंवा कल्व्हर्ट. एप्रिल, मे आणि जूनमध्ये त्याच जागेवरून, त्याच कोनातून फोटो काढा. भिंतीवरची एखादी खूण फ्रेममध्ये ठेवा, म्हणजे पातळीतला फरक लगेच दिसतो.

२. तारीख आणि लोकेशन छापणारं कॅमेरा ॲप वापरा. साधा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला की तो लहान होतो आणि त्यातली लोकेशनची माहिती निघून जाते. मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

३. तक्रार करताना ‘नाला घाण आहे’ एवढंच लिहू नका. ‘अमुक पुलापासून खाडीच्या दिशेने ५० मीटर, डाव्या भिंतीजवळ डेब्रिज’ असं लिहा. दहिसर महापालिकेच्या आर उत्तर विभागात येतं. तक्रार क्रमांक जपून ठेवा.

४. पाणी तुंबलं तर १९१६ वर फोन करा. आयआयटी मुंबईच्या ‘मुंबई फ्लड’ ॲपवर पावसाचा अंदाज मिळतो आणि तुमच्याकडे किती पाणी साचलंय तेही कळवता येतं. तुमचा रिपोर्ट त्याच रस्त्याने येणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या तरी कामाला येतो.

५. सोसायटीच्या आतली गटारं आणि चेंबर साफ करणं ही सोसायटीचीच जबाबदारी. मेमधल्या मीटिंगमध्ये हा विषय तुम्ही काढा. टाकीचा पाइप तुंबला तर आपण तासाभरात प्लंबर बोलावतो, गटाराचं मात्र पाणी आत शिरेपर्यंत आठवत नाही.

आणि एक गोष्ट अजिबात करू नका: पाणी लवकर जावं म्हणून मॅनहोलचं झाकण उघडू नका. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात प्रभादेवी भागात उघड्या मॅनहोलमध्ये पडून मुंबईतल्या एका नामवंत डॉक्टरांचा जीव गेला. साचलेल्या गढूळ पाण्याखाली भोक दिसत नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*नदीला उंच भिंती बांधल्या की प्रश्न सुटेल?*
अर्धाच. भिंत नदीचं पाणी वस्तीत येऊ देत नाही, पण वस्तीतलं पाणी नदीत जायची वाटही अडवू शकते. भिंतीत गटारांसाठी सोडलेली तोंडं साफ ठेवली नाहीत तर पाणी आतल्या बाजूला साचतं.

*खाडीच्या तोंडाची तिवरं तोडली तर पाणी लवकर जाईल ना?*
उलट होईल. तिवरांची मुळं काठाची माती धरून ठेवतात आणि लाटांचा जोर मोडतात. शिवाय तिवरं तोडणं बेकायदा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यावर स्पष्ट निकाल दिला आहे. पाणी अडतं ते तिवरांत टाकलेल्या भरावामुळे.

*मे महिन्यात सफाई झाली, मग जुलैमध्ये पुन्हा गाळ कसा?*
कारण पहिल्या मोठ्या पावसात डोंगरावरची माती आणि शहराचा कचरा दोन्ही वाहून येतात. नालेसफाई म्हणजे दिवाळीची साफसफाई नाही, रोजचा केर आहे.

आजपासून सवय लावा

जोरदार पावसात घराबाहेर पडण्याआधी तीन प्रश्न विचारा. गेल्या तासात आपल्या भागात किती पडला? पुढची भरती किती वाजता आणि किती मीटरची? आपला नाला शेवटचा कधी साफ झाला? पहिली दोन उत्तरं वाईट असतील तर एखादा तास थांबा. ओहोटी लागली की बरंच पाणी आपोआप उतरतं. तिसरं उत्तर माहीतच नसेल तर पाऊस थांबल्यावर पुलावर जा आणि पहिला फोटो काढा. पावसावर आणि भरतीवर आपला इलाज नाही, गाळावर आहे.

माहिती उपयोगी वाटली तर सोसायटीच्या ग्रुपवर नक्की शेअर करा. आणि तुमच्या भागातला नाला यंदा साफ झाला का, ते कमेंटमध्ये सांगा!